परळचा परदेशी तपस्वी : डॉ. हाफकिन

मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी माणूस विरळाच. सर्पदंशावरील लस, श्वानदंशावरील लस, लहान मुलांना पाजावयाचे पोलिओचे थेंब, यांपैकी कशाच्या ना कशाच्या निमित्ताने हे नाव आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे. मात्र हाफकिन हे कोणा एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, तो माणूस कोठून आला, त्याने आपल्यासाठी काय केले आणि आपल्याकडून त्यास काय मिळाले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आपला मुलूख सोडून दूरच्या गावी उभी हयात घालविणे म्हणजे काय, याची कल्पना मंडळाच्या सभासदांस निराळी करून द्यावयास नको. हाफकिन यांनी आपल्या कर्तृत्वाची सर्वोत्तम वर्षे ज्या देशात वेचली तो त्यांचा नव्हता आणि ज्या देशात ते जन्मले त्याने त्यांस आपले म्हटले नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे म्हणूनच उचित वाटते.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. त्यांचे शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क या दुसऱ्या एका बंदरात झाले आणि १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांस गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. प्राणिशास्त्राचे हे प्राध्यापक पुढे जगद्विख्यात झाले. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा खुपसून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले, तेव्हा काट्याभोवती शरीरातील फिरत्या पेशी गोळा होत असलेल्या त्यांस दिसल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूस गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधातून रोगप्रतिकाराचे शास्त्र उभे राहिले, आणि १९०८ साली मेचनिकॉव्ह यांस पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हे नुसते रोगाचे रणांगण नसून ते स्वतः लढणारे आहे, हा विचार हाफकिन यांनी गुरूंच्या सहवासात आत्मसात केला.

विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर कठीण प्रसंग आले. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि तिचे निमित्त करून दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणार्थ जी दले उभारली, त्यांत हाफकिन होते. त्या धुमश्चक्रीत ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीने त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी विज्ञानाची डॉक्टरेट मिळविली, पण प्राध्यापकपद मिळावयाचे तर धर्म बदलणे भाग होते. त्यास त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात दुय्यम जागेवर काम करीत राहिले. अखेरीस १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हा येथे शरीरशास्त्राचे अध्यापन केल्यानंतर १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉव्ह तेथे त्यांच्याआधीच पोहोचले होते. संस्थेत रिकामी जागा एकच होती आणि ती होती साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती पत्करली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी, फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करावे आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवावे, असा त्यांचा दिनक्रम असे. थोड्याच काळात त्यांची हुशारी वरिष्ठांच्या ध्यानी आली व प्रयोगशाळेत त्यांस रीतसर जागा मिळाली.

त्या काळी पाश्चर संस्थेत सर्वत्र एकाच प्रश्नाचा ध्यास होता. कोंबड्यांचा कॉलरा, गुरांचा काळपुळीचा रोग आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे विष या तिन्हींच्या बाबतीत पाश्चर यांनी असे दाखवून दिले होते की, रोगाचे कारण असलेला जंतू नेहमी सारखाच राहत नाही. परिस्थिती बदलली की त्याची तीव्रता बदलते. ती वाढविता येते, तशीच उतरविताही येते. उतरविलेल्या जंतूशी शरीराची एकदा गाठ पडली की पुढे खऱ्या जंतूशी सामना करण्याची ताकद त्यास येते. हे तत्त्व पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूस लावावयाचे काम हाफकिन यांनी हाती घेतले.

यात मोठी अडचण होती. पटकीचा जंतू प्रयोगशाळेत वाढवू लागल्यास त्याची तीव्रता आपोआप कमीजास्त होई. आजचा जंतू आणि महिन्याभरानंतरचा जंतू यांत मेळ नसे. असल्या चंचल सामग्रीतून भरवशाची लस करणार कशी? हाफकिन यांनी हा जंतू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचला, तेथून काढून दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, असा तब्बल एकोणचाळीस वेळा प्रवास घडविला. प्रत्येक टप्प्यावर त्या प्राण्याच्या शरीराने जंतूंस प्रतिकार केला आणि त्या प्रतिकारातून जे जंतू तगले तेच पुढच्या टप्प्यास पोहोचले. अखेरीस मूळच्या सुमारे वीसपट तीव्रतेचा जंतू तयार झाला. दुसरीकडे त्यांनी हाच जंतू ३९ अंश सेंटिग्रेड उष्णतेत, सतत हवा खेळती ठेवून वाढविला व त्याची तीव्रता उतरविली. आधी सौम्य जंतू टोचावयाचा आणि पाच दिवसांनी तीव्र, अशी ही दुहेरी लस होती. जंतू बदलतो ही जी अडचण होती, तिचाच त्यांनी साधन म्हणून उपयोग केला.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, परंतु काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर काही रशियन मित्रांनी ती टोचून घेतली. लस निर्धोक असल्याचे एवढ्याने सिद्ध झाले, पण तिच्यामुळे पटकी टळते हे सिद्ध करावयाचे तर जेथे पटकी आहे तेथेच जावयास हवे होते. रशियन सरकारने त्यांच्या कामाचे स्वागत केले नाही. त्या वेळी पॅरिस येथे ब्रिटनचे वकील होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने वाट मोकळी झाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

त्यापुढील दोन-अडीच वर्षे त्यांनी आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत अक्षरशः पायपीट केली. लष्कराच्या छावण्या, तुरुंग, मळ्यांतील मजुरांच्या चाळी, शहरांतील बस्त्या अशा सर्व ठिकाणी ते गेले. सक्ती कोठेही केली नाही; आपणहून पुढे येईल त्यालाच टोचावयाचे, असा त्यांचा नियम होता. संशय, अफवा आणि प्रसंगी दगडफेक यांस तोंड द्यावे लागले. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्सन यांच्या निमंत्रणावरून ते काट्टल बागान या बस्तीत गेले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर बस्तीत पटकीचे जे दहा रुग्ण आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या माणसांचे असे दोन गट करून तुलना करण्याची ही रीत आज सर्वमान्य आहे. त्या काळी ती नवीनच होती. १८९५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक लोकांस त्यांनी लस टोचली. स्वतःस मात्र हिवतापाने ग्रासले आणि प्रकृती सुधारण्यासाठी इंग्लंडला जाणे भाग पडले. १८९६ साली ते पुन्हा हिंदुस्थानात परतले.

त्याच वर्षी मुंबईवर घाला आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी गाठीच्या तापाचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रुग्ण ओळखला. त्यानंतर काय झाले ते आपल्या आजी-पणजींच्या आठवणींतून अनेकांनी ऐकले असेल. अर्धे शहर ओस पडले. गिरण्या थंडावल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. सव्वाशे वर्षांनंतर, २०२० साली करोनाच्या साथीत, आपण त्याच कायद्याचा अंमल पाहिला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. घरांत घुसून झडत्या घेणाऱ्या सोजिरांच्या जुलमाने पुण्याचे मन पेटले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच काळात मुंबईत एक परदेशी शास्त्रज्ञ एका अरुंद खोलीत काय करीत होता, तो इतिहास मात्र तितका परिचित नाही.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे सापडला होता. तो पुरेशा प्रमाणात वाढवावयाचा कसा, हा पहिला प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ गुहेच्या छतास लोंबणाऱ्या सुळक्यांसारखी खाली उतरू लागली. भांडे हलविले की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे सुळके धरू लागत. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना लक्षात घेऊन रसासाठी त्यांनी बोकडाचे मांस वापरले. या वेळी त्यांनी जिवंत जंतूची लस न करता, वाढलेले जंतू सुमारे ६५ ते ७० अंशांच्या उष्णतेने मारून, त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घालून लस सिद्ध केली. हे सर्व अवघ्या तीन महिन्यांत घडले, आणि तेही एक साहाय्यक आजारी पडला व दोघे नोकर काम सोडून गेले अशा स्थितीत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली; पुढे इतरांस दिली गेली त्याच्या कितीतरी पट मोठी मात्रा त्यांनी स्वतःसाठी घेतली. ताप चढला व उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी दीडशेच्या आसपास लोक लस घेण्यास आपणहून पुढे आले. त्यांपैकी तिघांना त्याच दिवशी गाठी आल्या आणि ते दगावले. उरलेल्या लस घेतलेल्यांत पुढील दिवसांत दोघे आजारी पडले, पण दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांत बारा जण आजारी पडले आणि सहा दगावले.

पहिल्या दिवशी दगावलेल्या त्या तिघांचे काय? शत्रू त्यांच्या शरीरात आधीच शिरला होता, लस त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचली. लस घेतल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, शरीरास तयारीसाठी काही दिवस लागतात, हे हाफकिन यांस अनुभवाने ठाऊक होते. ते का लागतात याचा उलगडा होण्यास मात्र पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली, आणि तो येथे थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या रक्तात व लसिका ग्रंथींत पांढऱ्या पेशींचा एक वर्ग असतो. त्यांस बी पेशी म्हणतात. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एका ठरावीक आकाराची खाच असते आणि कोट्यवधी पेशींच्या खाचा परस्परांहून निराळ्या असतात. थोड्याशाच जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडून शरीर हे अफाट वैविध्य कसे निर्माण करते, ते जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी दाखविले. त्यास १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोणता जंतू येणार हे शरीरास आधी ठाऊक नसते, म्हणून ते सर्व प्रकारची कुलपे आधीच बनवून ठेवते. जंतू आला की त्याची किल्ली ज्या कुलपात बसते तेवढीच पेशी जागी होते आणि भराभर वाढू लागते. हा निवडीचा सिद्धान्त ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली मांडला. वाढताना या पेशींच्या खाचांत लहान लहान बदल होत जातात. ज्यांची पकड अधिक घट्ट त्या टिकतात, बाकीच्या गळून पडतात. जंतू बदलतो तसे शरीरही आपले शस्त्र बदलीत व पारखीत असते. या सर्वास आठवडा-दोन आठवडे लागतात. काम संपल्यावर काही पेशी स्मृतिरूपाने वर्षानुवर्षे मागे राहतात आणि तोच शत्रू पुन्हा आल्यास पहिल्यापेक्षा फार लवकर जाग्या होतात. हाफकिन यांनी गिनीपिगांच्या पोटात एकोणचाळीस पिढ्यांत जंतूंची जी निवड घडवून आणली, तशीच निवड आपल्या लसिका ग्रंथींत आपल्याच पेशींची होत असते. आणि ज्या गाठीवरून प्लेगला गाठीचा ताप म्हणत, ती गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथीच होय. जेथे शरीराची तयारी चालते तेथेच हा जंतू ठाण मांडतो. म्हणून तयारी आधी झालेली असणे महत्त्वाचे.

शरीराच्या या स्मृतीलाही मर्यादा आहेत. जंतूने आपला बाह्य वेष पुरता पालटला की जुनी ओळख उपयोगी पडत नाही. १९९२ साली मद्रास व बंगालच्या भागांत पटकीचा ओ-१३९ नावाचा नवा प्रकार उद्भवला. पूर्वीच्या पटकीशी ज्यांचा सामना होऊन गेला होता असे प्रौढही त्यास बळी पडले, कारण शरीराने लक्षात ठेवलेला वेष निराळाच होता. इन्फ्लुएन्झाची लस वरचेवर बदलावी लागते, करोनाच्या लशींतही फेरफार करावे लागले, त्याचे कारण हेच. हाफकिन यांची लसही सर्वशक्तिमान नव्हती. तिने ताप भरे, पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, आणि फुफ्फुसाच्या प्लेगपुढे ती तोकडी पडे. आपली लस सर्वांनाच वाचविते असा दावा त्यांनी केला नाही. किती वाचतात ते मोजून दाखविले.

त्या मोजणीचे उत्तम उदाहरण म्हणजे बडोदे संस्थानातील उंधेरा हे गाव. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले व तीन दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी सत्तावीस आजारी पडले आणि त्यांपैकी सव्वीस दगावले. एकाच छपराखाली राहणाऱ्या भावाभावांतील हा फरक होता.

अशा आकड्यांनी हळूहळू लोकांचा विश्वास बसला. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी चारचौघांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. त्यांच्या अनुयायांनी हजारोंच्या संख्येने त्यांचे अनुकरण केले. १८९७ साली सरकारने हाफकिन यांस सी. आय. ई. हा किताब दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तेथे लशीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या.

यशाच्या या शिखरावर असतानाच आघात झाला. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान मांडले आणि तेथील सरकारने लशीची फार मोठी मागणी केली. एवढी लस वेळेत पुरविता यावी म्हणून हाफकिन यांनी तिच्यात कार्बॉलिक ॲसिड घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भर दिला. पाश्चर संस्थेतही हीच पद्धत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांस आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व मरण पावले. एकोणीस घरांचे आधार गेले. लस तारण्यासाठी आणली, तिनेच मारले, अशी भावना झाली तर त्यात त्या गावकऱ्यांचा दोष नव्हता.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, लस दूषित झाली होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कार्बॉलिक ॲसिड वगळण्याचा निर्णय हाफकिन यांचा, ते स्वतः वैद्यकाचे पदवीधर नाहीत, शिवाय परदेशी. मग जबाबदार कोण ते शोधण्यास वेळ लागला नाही. त्यांस कामावरून दूर करण्यात आले आणि बिनपगारी रजेवर पाठविण्यात आले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून लंडनला गेले.

सरकारी चौकशांची कागदपत्रे ज्यांच्या हातांखालून जातात त्यांस एक गोष्ट ठाऊक असते : कागद पुष्कळदा पहिल्या पानावरच निकाल देऊन मोकळे होतात आणि खरी साक्ष मागच्या पानांत पडून राहते. येथेही तसेच झाले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो रीतसर निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले, हे साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ती बाटली एक्केचाळीस दिवसांपूर्वी भरलेली होती. इतका काळ धनुर्वाताचे जंतू तीत वाढले असते तर लशीस तीव्र दुर्गंधी आली असती; उघडताना तसा वास आल्याची नोंद नव्हती. तयार विष टोचले गेले असते तर लक्षणेही फार लवकर उमटली असती; ती उमटण्यास सुमारे आठवडा लागला. मातीतून ताजे शिरलेले जंतू शरीरात वाढण्यास जेवढा अवधी घेतात, तेवढाच तो होता.

१९०६ साली हे कागद सरकारी गॅझेटात प्रसिद्ध झाले तेव्हा या विसंगती जाणकारांच्या ध्यानात आल्या. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात आले. पार्लमेंटातही प्रश्न विचारले गेले. फ्रान्समध्ये ड्रायफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. अखेर १९०७ च्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले.

दोषमुक्त झाले, परंतु जे गेले ते परत मिळाले नाही. परळची जागा दुसऱ्याकडे गेलेली होती. त्यांस कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत नेमण्यात आले; तेथे लस निर्माण करण्याचा अधिकार नव्हता, संशोधन तेवढे करावयाचे. या उपेक्षेवर त्यांनी गाऱ्हाणे मांडीत बसण्याऐवजी वाट्यास आलेले काम निष्ठेने केले. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे वळले, धर्मनिष्ठेच्या समर्थनार्थ त्यांनी लेखन केले आणि आपली बहुतेक पुंजी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. ज्या आवारातून त्यांस मान खाली घालून जावे लागले होते, त्याच आवाराच्या दारावर ते नाव लागले आणि ही वार्ता त्यांच्या हयातीतच त्यांच्या कानी गेली, हे समाधान थोडे नव्हे. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या. १९६४ साली स्वतंत्र भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

प्लेगचे भय आज उरले नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत तो पुन्हा डोकावला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन यांसारखी प्रभावी औषधे हाताशी होती. पण बदलणाऱ्या जंतूंशी मनुष्याची झुंज संपलेली नाही आणि संपणारही नाही. त्या झुंजीत शरीराची स्मृती जितकी मोलाची, तितकीच समाजाचीही. मुल्कोवालच्या एकोणीस जिवांमुळे लशीची प्रत्येक बाटली उघडण्याची शिस्त किती कडक असावी हे जग शिकले. आणि हाफकिन यांच्या बाबतीत जे घडले त्यावरून चौकशी करणाऱ्याने शेवटचे पान वाचल्याखेरीज सही करू नये, हे शिकावयास हवे. परळला जाण्याचा योग आला तर त्या जुन्या वास्तूसमोर क्षणभर थांबावे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोण त्या बाटल्यांमुळे वाचले हे सांगता येत नाही. परंतु आपण आज येथे आहोत त्यात त्या परदेशी माणसाचा काही वाटा असण्याचा संभव आहे, एवढे खचित. त्यांच्या स्मृतीस आपल्या मंडळाचे विनम्र अभिवादन.